पाय झटकला म्हणजे वेदना झाली काय?

पाठीच्या कण्यावर जबर आघात होऊन ज्याच्या मज्जारज्जूची वाताहत झाली आहे, अशा मनुष्याच्या कमरेखालच्या भागाला टाचणी टोचली, चिमटा काढला, किंवा फार काय, चटका बसला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच बधिर पायांची रात्रंदिवस आग होते, तळव्यांत सुया टोचतात, मांड्यांतून विजेचे झटके जातात, अशी तक्रार हाच मनुष्य कळवळून करीत असतो, ही गोष्ट मात्र रुग्णालयाबाहेर फारशी कोणाच्या कानावर गेलेली नसते. घरची माणसे प्रथम गोंधळतात आणि मग हळूहळू अविश्वास दाखवू लागतात. ज्या अंगाला स्पर्श कळत नाही ते अंग दुखेल कसे, असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे फिलिप सिडल आणि त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांचा आघातानंतर पाच वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शंभरापैकी एक्याऐंशी रुग्ण कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या वेदनेने त्रस्त असल्याचे आढळले. यातील काही वेदना खांद्यांच्या व स्नायूंच्या अतिश्रमाच्या होत्या, हे खरे. पण शेकडा एकेचाळीस जणांना जखमेच्या पातळीवर, म्हणजे छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखी, आणि शेकडा चौतीस जणांना जखमेच्या खाली, म्हणजे थेट त्या बधिर प्रदेशात, अशी वेदना होती की जिचा उगम स्नायूंत अथवा हाडांत नसून खुद्द मज्जासंस्थेच्या बिघाडातच मानावा लागतो.

ही वेदना निर्माण कशी होते याचा छडा लावावयाचा तर जिवंत माणसाचा मज्जारज्जू उघडून त्यातील पेशींवर विद्युदग्रे लावता येत नाहीत, आणि मृत्यूनंतर तो तपासावयास मिळाला तरी ज्या व्यापाराचा शोध घ्यावयाचा तोच तोवर थांबलेला असतो. म्हणून शास्त्रज्ञ जनावराकडे वळले. या परंपरेचा आरंभ फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड रेजिनाल्ड अ‍ॅलन या वैद्याने १९११ साली केलेल्या प्रयोगांपासून धरण्याचा प्रघात आहे. कुत्र्याला भूल देऊन, मणक्याची मागील कमान काढून टाकून, उघड्या पडलेल्या मज्जारज्जूवर ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडावयाचे आणि वजन व उंची यांच्या गुणाकाराने आघाताचे माप सांगावयाचे, ही त्याची रीत होती. त्यापूर्वी मज्जारज्जू सुरीने कापण्याचे प्रयोग पुष्कळ झाले होते; तथापि झाडावरून पडलेल्या किंवा गाडीखाली सापडलेल्या माणसाचा मज्जारज्जू कोणी सुरीने कापलेला नसतो, तो चेचला गेलेला असतो, आणि चेचण्याचे हे माप मोजूनमापून पुन्हा पुन्हा तसेच्या तसे घडविता आले पाहिजे, हे अ‍ॅलनने ओळखले. मात्र त्याचे सारे लक्ष पक्षाघाताकडे होते. जनावर पुन्हा चालेल काय, हा त्याचा प्रश्न. त्याला दुखत असेल काय, हा प्रश्न पुढे कित्येक दशके या क्षेत्रात दुय्यमच राहिला.

आज या कामी बहुधा पांढरा उंदीर वापरतात आणि आघातासाठी यंत्र असते. न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झालेल्या एका प्रसिद्ध यंत्रात दहा ग्रॅम वजनाची दांडी ६.२५, १२.५, २५ किंवा ५० मिलिमीटर उंचीवरून खाली येते, आणि ती कोणत्या वेगाने आली व मज्जारज्जू किती दबला, याची नोंद यंत्रच ठेवते. केंटकी विद्यापीठातून पुढे आलेल्या दुसऱ्या यंत्रात उंचीऐवजी आघाताचे बलच ठरवून देता येते. उंदीर भुलेखाली पालथा ठेवलेला असतो, पाठीच्या मध्यावर चीर देऊन बहुधा नवव्या किंवा दहाव्या वक्षीय मणक्याची कमान कुरतडून काढलेली असते, खाली आवरणातून मज्जारज्जूची अवघी काही मिलिमीटर रुंदीची पांढुरकी पट्टी दिसत असते, आणि प्रत्यक्ष आघात इतक्या अल्प काळात होतो की पाहणाऱ्याला मागील पायांना बसलेला एक क्षणिक झटका तेवढा जाणवतो. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. या उंदराला लघवी आपण होऊन करता येत नाही; म्हणून कोणीतरी माणसाने दिवसातून दोनतीन वेळा त्याला हातात धरून, ओटीपोटावर अंगठ्याने अलगद दाब देऊन, मूत्राशय रिकामे करावे लागते, आणि मूत्राशयाचा प्रतिक्षिप्त व्यापार परत येईपर्यंत, म्हणजे आठवडादोन आठवडे, सुट्टीच्या दिवशीही ते चुकवून चालत नाही. मादीची मूत्रनलिका आखूड असल्यामुळे तिच्या बाबतीत हे काम सोपे जाते व जंतुसंसर्गही कमी होतो. एवढ्याच व्यावहारिक कारणास्तव या प्रयोगांतील उंदीर वर्षानुवर्षे प्रामुख्याने माद्याच राहिल्या. इकडे अमेरिकेतील आकडे पाहिले तर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांत सुमारे चारपंचमांश पुरुष असतात. मूत्रनलिकेच्या लांबीने एका शास्त्राचा पुरावा एका बाजूला कलता करावा, हे चमत्कारिक खरे, पण प्रयोगशाळेचा कारभार अशा क्षुल्लक सोयीगैरसोयींवर पुष्कळदा चालत असतो.

चेचण्याखेरीज इजा करण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीमागे वेगळा हेतू आहे. टोरांटोमध्ये रिव्हलिन व टेटर यांनी १९७८ साली रूढ केलेल्या पद्धतीत मज्जारज्जू चिमट्यात ठराविक काळ दाबून धरतात. माणसाच्या सरकलेल्या मणक्याखाली तो असाच दबून राहतो. स्टॉकहोममध्ये शिरेत प्रकाशसंवेदी रंगद्रव्य सोडून वरून प्रकाशकिरण टाकावयाचे, म्हणजे तेवढ्याच जागेतील रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात, ही युक्ती वापरली गेली. टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथे ख्रिस्तेन्सेन, हल्सेबॉश आदींनी १९९६ साली तेराव्या वक्षीय पातळीवर मज्जारज्जूचा एकच अर्धभाग छेदून दाखविले की यानंतर चारही पायांवर साध्या स्पर्शानेही जनावर दचकू लागते. आणि मायामीच्या रॉबर्ट येझिएर्स्की यांनी तर काही चेचलेही नाही आणि छेदलेही नाही. त्यांनी मज्जारज्जूच्या करड्या भागात क्विस्क्वालिक अम्लाची सूक्ष्म मात्रा टोचली. आघातानंतर मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट हे द्रव्य बेसुमार बाहेर पडून शेजारच्या पेशींनाही मारते; त्या एकाच घटनेची ही नक्कल होती. असे उंदीर पुढे इजेच्या पातळीवरील कातडी चाटून, ओरबाडून, कुरतडून केस नाहीसे करतात आणि जखमाही करून घेतात. माझ्या मते या साऱ्या पुराव्यांत हा सर्वांत बोलका आणि तितकाच विदारक होय, कारण येथे बाहेरून कोणी काही टोचलेले नसते. उंदीर आपण होऊनच त्या जागेच्या मागे लागलेला असतो.

पण बहुतेक प्रयोगांत पुरावा असा आपण होऊन पुढे येत नाही; तो मागावा लागतो. मागण्याची रूढ रीत म्हणजे फॉन फ्राय यांचे केस. मॅक्सिमिलियन फॉन फ्राय या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडीवरील स्पर्शबिंदू शोधण्यासाठी घोड्याचे वगैरे केस वापरले; आज त्यांच्या जागी निरनिराळ्या जाडीचे नायलॉनचे धागे आले आहेत. धागा टेकवून दाबत गेले म्हणजे एका ठराविक बलाला तो वाकतो, आणि वाकल्यावर अधिक जोर दिला तरी त्वचेवरचे बल वाढत नाही, ही त्यातील खुबी. उंदराला तारेच्या जाळीवर पारदर्शक पेटीत ठेवतात, तो हुंगणे-फिरणे थांबवून शांत होईपर्यंत वाट पाहतात, मग जाळीच्या खालून तळव्याला धागा टेकवून काही सेकंद वाकविलेला ठेवतात आणि पाय उचलतो की नाही ते लिहून घेतात. उचलला तर त्याहून नाजूक धागा, न उचलला तर त्याहून जाड, असे वरखाली जात एक उंबरठा ठरतो. बिनइजेच्या उंदराला जेथे पंधरा ग्रॅमचा धागाही पुष्कळदा हलवीत नाही, तेथे इजा झालेला दोनतीन ग्रॅमलाच पाय झटकू लागला, म्हणजे वहीत ‘वेदना’ अशी नोंद होते. उष्णतेसाठी हारग्रीव्ह्‌स आदींची १९८८ सालची पद्धत आहे: काचेखालून तळव्यावर प्रकाशाचा झोत सोडावयाचा आणि पाय काढून घेण्यास किती सेकंद लागले ते मोजावयाचे. दोन्ही पद्धती स्वस्त, झटपट आणि आकड्यांत उत्तर देणाऱ्या आहेत. म्हणूनच त्यांचा एवढा बोलबाला झाला.

आणि येथेच या विषयाची खरी मेख आहे. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून ठेविले होते की मज्जारज्जू मेंदूपासून पूर्णपणे तोडला, तरी तोडीच्या खाली असलेला पाय टोचल्याबरोबर आखडून घेतला जातो. ती क्रिया मज्जारज्जूच्या खालच्या तुकड्यातच पुरी होते, मेंदूकडे वर्दी जाण्याची तिला गरज नसते. आणि मेंदूकडे वर्दी गेली नाही तर वेदना झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? निरोगी जनावराच्या बाबतीत पाय झटकणे आणि दुखणे या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून चालतात, म्हणून एकीवरून दुसरीचा अदमास बांधला तर फारसे बिघडत नाही. मज्जारज्जू दुखावला म्हणजे मात्र नेमकी तीच सोबत तुटते. वरून येणारा मेंदूचा अंकुश सुटल्यामुळे खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया बेफाम होतात. माणसात याच अवस्थेत स्नायू ताठरतात, पांघरूण नुसते घासले तरी पाय उडतो, आणि ज्याचा पाय उडाला त्याला विचारले तर तो सांगतो की मला काहीच कळले नाही. मग तोच उडालेला पाय उंदराचा असला म्हणजे ती वेदना कशी ठरते? ज्या विकाराची चौकशी करावयाची, त्या विकाराने ज्या साक्षीदाराला फितविले आहे, त्याचीच जबानी प्रमाण मानून निकाल देण्यासारखे हे होय.

ही शंका केवळ तर्काची नव्हती. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठातील काथरिन बास्ट्रुप, नाना फिनरुप, त्रोल्स येन्सेन आदींनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चेचलेल्या मज्जारज्जूच्या उंदरांची प्रतिक्रिया तीन पायऱ्यांवर तपासली: मज्जारज्जूतच पुरी होणारी, मेंदूच्या देठातून होणारी, आणि मेंदूच्या उच्च केंद्रांवाचून होऊच न शकणारी, म्हणजे टोचणी टाळण्यासाठी जनावराने आपली आवडती अंधारी जागा सोडून नावडत्या उजेडात जाणे. धडावर, म्हणजे इजेच्या पातळीवर, टोचले तेव्हा उंदरांनी अशी टाळाटाळ केली. मागील पायांवर, म्हणजे इजेच्या खाली, टोचले तेव्हा पाय तर अधिक झटकले गेले, पण जागा सोडण्याची लक्षणे दिसेनात. निष्कर्ष उघड होता: पायाच्या झटक्याला वेदना म्हणण्याऐवजी स्नायूंच्या ताठरपणाच्या खात्यात टाकणेच अधिक सयुक्तिक. या एका निबंधाने आधीची सारी संशोधने रद्द ठरली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या दप्तरातील कित्येक कागद पुन्हा तपासावे लागतील, एवढे निश्चित झाले.

मग उंदराला विचारावे तरी कसे? यावर गेल्या पंधरावीस वर्षांत निघालेला तोडगा असा की त्याचा पाय पाहू नये, त्याची निवड पाहावी. अ‍ॅरिझोना विद्यापीठात टॅमारा किंग, फ्रँक पोरेका आदींनी २००९ साली मज्जातंतूची इजा झालेल्या उंदरांवर एक मार्मिक प्रयोग केला. दोन वेगळ्या खोल्या. एकीत उंदराला मज्जारज्जूभोवती वेदनाशामक द्यावयाचे, दुसरीत नुसते खारे पाणी. आणि मग दुसऱ्या दिवशी काहीही न देता दोन्हींची दारे उघडी ठेवून तो कोठे जाऊन बसतो ते पाहावयाचे. क्लोनिडिनसारखे हे औषध निरोगी उंदराला सुख देणारे नाही, म्हणून त्याला दोन्ही खोल्या सारख्याच. पण इजा झालेला उंदीर औषधाच्या खोलीकडे ओढ घेतो. बाहेरून कोणी टोचत नसता त्याला काहीतरी सतत छळत होते आणि ते त्या खोलीत थांबले होते, याखेरीज या ओढीचा दुसरा अर्थ लावणे कठीण. बाल्टिमोर येथील संशोधकांनी २०११ साली हीच कसोटी मज्जारज्जूच्या इजेला लावली आणि तेथेही उंदरांनी तसाच कौल दिला. रुग्णांची मुख्य फिर्याद आपोआप, अष्टौप्रहर चालू राहणाऱ्या वेदनेचीच असते, स्पर्शाने उद्‌भवणाऱ्या वेदनेची त्यामानाने कमी. हे ध्यानात घेतले तर निवडीची ही कसोटी पायाच्या झटक्यापेक्षा रुग्णाच्या किती जवळ आहे ते कळून येईल. शिवाय मॉन्ट्रिआलच्या जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने डोळे मिटणे, गाल फुगणे, कान-मिशांची ठेवण यांवरून छोट्या उंदरांच्या चेहऱ्यावरील वेदनेचे मोजमाप २०१० मध्ये बसविले. त्याच प्रयोगशाळेने पुढे असेही दाखविले की खोलीत पुरुष प्रयोगकर्ता असला तर त्याच्या नुसत्या वासाने उंदीर धास्तावतात आणि त्यांची वेदनेची चिन्हे दबतात; इतकी वर्षे असे किती आकडे कोणाच्या अंगवासाने बदलले असतील, याचा हिशेब कोण देणार?

एवढे सगळे असूनही जनावरांच्या या अभ्यासातून काही हाती लागलेच नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. येल विद्यापीठातील ब्रायन हेन्स व स्टीफन वॅक्समन यांनी दाखविले की इजेनंतर मज्जारज्जूच्या मागील शिंगातील पेशींत सोडियमचा एक असा मार्ग पुन्हा उघडतो की जो प्रौढपणी जवळजवळ बंद असतो, आणि त्यामुळे त्या पेशी अकारण उद्दीपित होतात. त्याच दोघांनी २००६ साली दाखविले की मज्जासंस्थेतील सफाईचे काम पाहणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी आघातानंतरही दीर्घकाळ खवळलेल्या राहतात, आणि मिनोसायक्लिन या औषधाने त्यांना शांत केले की उंदरांची लक्षणेही ओसरतात. ह्यूस्टनच्या एडगर वॉल्टर्स यांच्या गटाने २०१० मध्ये आणलेला पुरावा तर अनपेक्षितच होता: मज्जारज्जूच्या बाहेर असलेल्या, प्रत्यक्ष इजा न झालेल्या वेदनावाहक पेशीही आपण होऊन संदेश पाठवू लागतात, आणि त्या वेगळ्या काढून काचेच्या तबकडीत ठेवल्या तरी इजेनंतर महिनोन्महिने हा त्यांचा नाद सुटत नाही. ज्या वेदनेला केवळ मेंदू-मज्जारज्जूची मानीत होतो, तिचा एक धागा परिघाकडेही जातो, ही समजूत उंदरावाचून आली नसती.

औषधांचा जमाखर्च मात्र संमिश्र आहे. मज्जारज्जूभोवती टोचावयाचे झिकोनोटाइड हे शंखवर्गीय समुद्रगोगलगायीच्या विषापासून निघालेले औषध प्राण्यांत उपयोगी ठरले आणि २००४ साली अमेरिकेत माणसांसाठीही मान्य झाले. उलट ‘सबस्टन्स पी’ या वेदनावाहक द्रव्याचा ग्राहक रोखणारी औषधे प्राण्यांच्या कसोट्यांत उत्तीर्ण होऊन मानवी चाचण्यांत वेदनेपुढे सपशेल हरली. त्यांतील एक, अ‍ॅप्रेपिटंट, पुढे कर्करोगाच्या उपचारातील वांत्यांवर वापरात आले. प्रीगॅबलिनला मज्जारज्जूच्या इजेतील वेदनेसाठी अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली, आणि त्याने आराम पडतो तो काहींना, तोही अर्धामुर्धा. अपयशाची कारणे अनेक आहेत: माणसाची वेदना कित्येकदा महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्‌भवते आणि उंदराचे प्रयोग काही आठवड्यांत आटोपतात, उंदराच्या मज्जारज्जूत माणसाप्रमाणे पोकळी तयार होते, पण लहान जातीच्या उंदरात ती जागा तंतुमय ऊतीने भरून येते, उंदरात इजेच्या वरच्या, म्हणजे पुढील पायांतही लक्षणे दिसतात, आणि माणसातील मज्जारज्जूच्या वेदनेच्या वर्गीकरणात त्या प्रकाराला जागाच नाही.

राहिला प्रश्न न्यायाचा. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरल्यानंतर १९६० साली जो प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की भुलेखाली असता जनावराला अशी इजा झाली असेल की शुद्धीवर आल्यावर त्याला गंभीर यातना होतील, तर सामान्यतः ते बेशुद्ध असतानाच त्याला मारून टाकावे. वेदनेच्या अभ्यासात तर यातना हाच अभ्यासविषय, आणि त्यासाठी जनावर शुद्धीवर येणे अपरिहार्य. म्हणजे ‘सामान्यतः’ या एका शब्दाच्या सवलतीवर हे सारे संशोधन उभे आहे. त्यासाठी १९९८ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. सवलत मागणाराने तिच्या बदल्यात काय दिले, हे विचारण्याचा हक्क समितीला आहे आणि तिने तो बजावला पाहिजे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे पर्याय शोधावा, संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात, ही सर्वांना पाठ आहे. परंतु ज्या कसोटीतून प्रश्नाचे उत्तरच निघत नाही, अशा कसोटीसाठी उंदीर थोडे वापरले काय आणि पुष्कळ वापरले काय, ते सारे फुकटच जातात. इजेच्या खालच्या पायाचा झटका हाच ज्याचा एकमेव पुरावा असेल, असा वेदनेवरील प्रयोग यापुढे मंजूर होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांना एवढीच विनंती की मज्जारज्जूच्या वेदनेवर उंदरांत गुणकारी ठरलेल्या नव्या औषधाची बातमी वृत्तपत्रात आली, तर ती एखाद्या पीडित आप्ताला उत्साहाने सांगण्यापूर्वी तीत उंदराने नेमके काय केले ते शोधावे: त्याने पाय झटकण्याचे थांबविले, की औषध मिळालेल्या खोलीत तो आपण होऊन जाऊन बसला.